फ्रीव्हीलचे दोनशे चौदा फेरे

"अर्ध्या तासाचं काम आहे!" जावईबापूंनी जाहीर केलं. "फार तर पस्तीस मिनिटं. त्यातली पाच हात धुण्याची!"

शनिवारची सकाळ होती. सासूबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. दोन पायऱ्या वर त्यांची लेक, म्हणजे जावईबापूंची बायको, सहामाहीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन तपासत होती. आणि जिन्याखालच्या खोलीच्या दारात जावईबापू सासऱ्यांचा खाकी ॲप्रन घालून उभे होते. सासरे अंगाने काटक, त्यामुळे ॲप्रनच्या नाड्या जावईबापूंच्या पाठीमागे जेमतेम एकमेकींना भेटल्या होत्या. पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांच्या हातात पाना होता! या खोलीत त्यांच्या हातात पाना येण्याची ही अकरा वर्षांतली पहिली वेळ.

अकरा वर्षं त्यांच्या हातात बॅटरी होती.

त्याचं असं की, सासरेबुवा आयुष्यभर कारखान्यात फिटर. निवृत्त झाले, पण हत्यारांची पिशवी काही निवृत्त झाली नाही. लेकीच्या घरी नळ ठिबकतोय एवढं कानावर पडलं की दोन बस बदलून हजर! दारात चपला काढता काढताच म्हणायचे, "जावईबापू, बॅटरी धरा." जावईबापूंनी सिंकखाली बॅटरी धरली, गीझरमागे धरली, स्टुलावर उभं राहून पंख्यापाशी धरली, आणि एकदा तर माळ्यावर पालथं पडून दीड तास धरली. एकदा धीर करून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला होता. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा सासरेबुवांनी तो हळूच काढून घेतला आणि पुन्हा बॅटरी हातात दिली. अकरा वर्षांत दाद मिळाली ती एकच. "उजेड बरा देता तुम्ही!"

हे कुणालाही लागलं असतं. जावईबापूंना जरा जास्तच लागायचं, कारण त्यांचा धंदाच यंत्रांचा. म्हणजे ते यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप, काहीही आणा! "झाकण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, हलक्या हाताने फिरवून काढावे," हे वाक्य त्यांचंच. त्यांच्या शब्दावर विसंबून हजारो लोकांनी झाकणं काढली होती. त्यांनी स्वतः आजवर एकही काढलं नव्हतं, पण ते पुस्तिकेत लिहायचं काही कारण नव्हतं.

तर आता सायकलीचं. सासरेबुवांची हिरवी सायकल मोठी झोकदार. तिचे तीन गिअर मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या जाड हबच्या पोटात दडलेले. बाहेरून काही दिसायचं नाही, हँडलवरची खिट्टी सरकवली की आतल्या आत बदलायचे. रोज सकाळी या सायकलीवरून सासरेबुवा वाचनालयात जात, तिथून तळ्यावर, तिथून घरी. दोन महिन्यांपूर्वी पायडल एकाएकी रिकामं फिरायला लागलं. चेन ज्या दातेरी चकतीवर बसते ना, ते फ्रीव्हील. पायडल मारलं की त्याने चाकाला पकडायचं आणि पाय थांबले की सोडून द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्याने पकडणं बंद करून नुसतं सोडून द्यायचं धोरण धरलं होतं. ते काढून टाकणं भाग होतं.

आणि नवल पाहा! ठिबकणारा नळ ज्यांना तासभर सोसत नाही, त्या सासरेबुवांनी सायकलीवर जुनी चादर टाकली आणि गुपचूप पायी वाचनालयात जायला लागले. कुणी विचारलं तर म्हणत, "बघू. घाई काय आहे?"

जावईबापूंनी ताबडतोब ओळखलं. बाबा थकले! नजर मंदावली, मनगटं गेली, पण सांगणार कुणाला? त्यांना खरोखर वाईट वाटलं. आणि तेवढाच आनंदही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. सासरेबुवा जुन्या सोबत्यांच्या मेळाव्याला गेले होते, ते रविवारी संध्याकाळी परतणार होते. सासूबाई एकट्या नकोत म्हणून लेक-जावई राहायला आले होते. अशी संधी पुन्हा कधी? जावईबापूंना सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. बाबा येतात, चादर ओढतात, पायडल मारतात आणि चाक गरगर फिरतं. मग बाबा घसा खाकरून म्हणतात, "जावईबापू, पुढच्या वेळी पाना तुम्ही धरा. बॅटरी मी धरतो."

या एका वाक्यासाठी ते काहीही उघडायला तयार होते.

तयारीही त्यांनी चोख केली होती. सकाळीच सायकलवाल्याकडे जाऊन फ्रीव्हील काढायची चावी आणली होती. अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा, खाली दोन दात, वर पाना बसायला सहा बाजूंचं डोकं. फ्रीव्हीलच्या मधल्या दोन खाचांत हे दात बसवायचे आणि उलटं फिरवायचं.

"सायकलच घेऊन या की इकडे," सायकलवाला म्हणाला होता.

"काही गरज नाही."

"कुठली सायकल?"

"आमच्या बाबांची. हिरवी. आत गिअर असलेली."

सायकलवाल्याचा पंप मारता हात थांबला. "अहो, मग जरा भानगड आहे. त्या हबच्या आत ना—"

"ठाऊक आहे मला!" जावईबापू तळहात दाखवून म्हणाले आणि निघाले. सावधगिरीच्या सूचना कुणीच वाचत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या लिहायचं काम त्यांच्याकडेच होतं.

तर अशी सुरुवात झाली. चाक सायकलीतून सुटलं (बायकोने सोडवलं, पण ते असो). जिन्याखालच्या खोलीला खिडकी नाही आणि छताचा दिवा नेमका पाठीमागे येतो, त्यामुळे जावईबापूंनी बॅटरी एका डब्यावर टेकवून ठेवली. चावी खाचांत बसवली, पाना लावला, दोन्ही पाय रोवले, श्वास रोखला आणि जीव खाऊन जोर लावला.

पाना इतक्या अलगद फिरला की जावईबापू भिंतीवर जाऊन आदळले.

"लागलं का हो?" बायको वरून ओरडली.

"सुटलं!" जावईबापू नाचायचेच बाकी होते. "पहिल्या फटक्यात सुटलं! उगाच घाबरत होते बाबा. लोण्यासारखं फिरतंय!"

आणि खरंच फिरत होतं. दहा फेरे झाले, वीस झाले. हबच्या आतून टिक-टिक-टिक-टिक असा गोड आवाज येत होता.

"ऐकलंत? आटे सुटतायत," जावईबापूंनी समजावून सांगितलं. "एकेक आटा मोकळा होताना असा बोलतो."

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "जावईबापू, एक सांगू का?"

"आई, तुम्ही मटार बघा," जावईबापू प्रेमाने म्हणाले. "हे जरा तांत्रिक आहे."

"बरं," म्हणून सासूबाईंनी शेंग पुन्हा उचलली. मात्र त्या एक पायरी खाली सरकून बसल्या, तिथून खोलीतलं नीट दिसत होतं.

साठाव्या फेऱ्याला जावईबापूंना राहवेना. त्यांनी सासऱ्यांना फोनवर संदेश पाठवला. लिहायची सवय पुस्तिकांची, त्यामुळे संदेशही तसाच उतरला. "घरी एक काम हाती घेतले आहे. घाबरून जाऊ नये. धूर दिसल्यास तो तात्पुरता समजावा." धुराचं वाक्य इस्त्रीच्या पुस्तिकेतलं होतं, पण बोटांना वळण पडलेलं असतं, त्याला ते तरी काय करणार?

दोनच मिनिटांत सासूबाईंचा फोन वाजला.

"काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "धूर? छे! आम्ही छान आहोत. जावईबापू ना? ते जिन्याखालच्या खोलीत आहेत." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "हो, पाना त्यांच्याच हातात आहे."

पलीकडून काय उत्तर आलं ते जावईबापूंना ऐकू आलं नाही. ते एकशे दहाव्या फेऱ्यावर होते.

दुपारच्या जेवणानंतर त्यांनी पद्धत बदलली. टेबलाच्या कडेला सासऱ्यांचा व्हाइस होता, वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारा. चावी त्यात घट्ट आवळली, वरून चाक उपडं बसवलं आणि दोन्ही हातांनी ते बसच्या स्टिअरिंगसारखं फिरवायला घेतलं. आता तर पायही चालायला लागले. जावईबापू टेबलाच्या कोपऱ्याभोवती पुढे-मागे होत होते, चाक फिरत होतं, आत टिक-टिक चालू होती आणि बायको पेपर तपासता तपासता मोजत होती.

"दोनशे बारा... दोनशे तेरा... दोनशे चौदा. अहो, जरा थांबा. ते बाहेर येतंय का पण?"

"येतंय म्हणजे? येणारच!"

"नाही, मी आपलं गणित करून पाहिलं." तिने लाल पेन कानामागे खोचलं. "एका फेऱ्याला आटा एक मिलिमीटर जरी सरकला, तरी दोनशे चौदा फेऱ्यांत एकवीस सेंटिमीटर झाले. म्हणजे फ्रीव्हील एव्हाना वीतभर वर यायला हवं होतं."

तिने फूटपट्टी आणून लावली. फ्रीव्हील केसभरही हललं नव्हतं. सकाळी होतं तिथेच ते निवांत बसलं होतं आणि जावईबापूंचा सदरा मात्र पिळून काढण्याइतका भिजला होता.

"आटे... लांब असतील," जावईबापू म्हणाले.

बायकोने हातातल्या पेपरवर मोठा भोपळा काढला. तो पेपर दुसऱ्या कुणाचा होता, पण जावईबापूंना तो आपलाच वाटला.

माणसाने इथे थांबावं की नाही? पण पाना हाती आलेला माणूस थांबत नसतो! संध्याकाळी त्यांनी शिवणयंत्राच्या तेलाची अख्खी बाटली हबमध्ये रिकामी केली, "रात्रभर मुरू द्यावे" असं स्वतःलाच बजावलं आणि झोपायला गेले. रविवारी सकाळी सात वाजता किटलीभर उकळतं पाणी वरून ओतलं. लोखंड तापलं की पसरतं, आणि पसरलं की सुटतं! प्रत्यक्षात तेल आणि पाणी तेवढं पसरलं, तेही खोलीभर. मग चाक हलू नये म्हणून त्यांनी तारांमध्ये लाटणं अडकवलं आणि पान्याला झटका दिला. पाना आपला नेहमीसारखा सुरळीत फिरला. जावईबापूंचा पाय मात्र तेलावरून सटकला आणि ते आधारासाठी लाटण्यावर रेलले. टंग! एक तार तुटली.

शेवटी त्यांनी छिन्नी घेतली. फ्रीव्हीलच्या खाचेत छिन्नीचं टोक ठेवलं आणि हातोडी हाणली. एकदा, दोनदा, तीनदा! तिसऱ्या घावाला काहीतरी उडालं. जावईबापू आनंदाने ओरडले आणि मग त्यांनी वाकून पाहिलं. दोन खाचांपैकी एका खाचेची कड उडाली होती.

"काय चाललंय?"

आवाज दारातून आला होता. संध्याकाळी यायचे ते सासरेबुवा सकाळी दहालाच पिशवी घेऊन उभे होते!

जावईबापूंच्या हातून हातोडी गळाली. सासरेबुवांची नजर फरशीवरच्या तेलापासून निघाली, ती पाणी, लाटणं, तुटलेली तार आणि छिन्नी असा मुक्काम करत जावईबापूंच्या अंगावरच्या आपल्या ॲप्रनपाशी येऊन थांबली. संपलं, जावईबापूंच्या मनात आलं. आता मरेपर्यंत बॅटरी! किंबहुना आता बॅटरीही देणार नाहीत. जिन्यावर बसवून ठेवतील.

सासरेबुवांनी पिशवी खाली ठेवली. पुढे आले, चाक उचललं, चावी धरून उलटी फिरवली. टिक-टिक-टिक.

"किती फेरे झाले?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"कसले?"

"उलटे."

"दोनशे चौदा," जावईबापू मान खाली घालून म्हणाले.

सासरेबुवा स्टुलावर बसले. चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. तेवढ्यात जिन्यावरून सासूबाईंचा आवाज आला. कालचे मटार अजून अर्धे बाकी होते. समोर एवढी करमणूक असताना मटार कोण सोलतं?

"सांगा की त्यांना! तुमचे किती झाले होते?"

"अगं, आता कशाला ते..."

"तीनशे साठ!" सासूबाईंनीच सांगून टाकलं. "दोन महिन्यांपूर्वी. तीन दिवस हेच चाललं होतं. मग चादर टाकली."

 जावईबापूंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी भिंतीवर टांगलेल्या पक्कडीकडे पाहिलं.

"त्याचं काय आहे," सासरेबुवा पक्कडीलाच उद्देशून म्हणाले, "या हबच्या आत आधीच एक पकडणारं-सोडणारं यंत्र असतं. बाहेर नुसती साधी दातेरी चकती लागते. ती झिजली तेव्हा माझ्याकडे घरात एक फ्रीव्हील पडलं होतं. आटे जुळले, मी बसवून टाकलं. आता ते काढायला उलटं फिरवलं की ज्याच्यावर ते बसलंय तो आतला तुकडाच उलटा फिरतो. सगळंच सोबत फिरतं. सुटणार काय, कपाळ? इतक्या वर्षांचा फिटर मी! सांगणार कुणाला?"

जावईबापूंना सासऱ्यांविषयी इतकं प्रेम अकरा वर्षांत कधी दाटून आलं नव्हतं. तीनशे साठ! आपले तर फक्त दोनशे चौदा! त्यांना क्षणभर वाटलं, यांना मिठी मारावी. पण हात तेलाने माखलेले होते आणि सासरेबुवा मेळाव्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात होते.

"मग आता काय करायचं, बाबा?"

"तेच तर कळत नाही."

"आतला तुकडा बाहेर काढा," सासूबाई म्हणाल्या.

दोघांनी वर पाहिलं.

"मधल्या दांड्यावरचे, एक्सलवरचे, नट सोडले की तो तुकडा फ्रीव्हीलसकट वर निघेल. त्याला व्हाइसमध्ये धरा, दोन्ही बाजूंनी लाकूड लावून. आतून घट्ट धरल्याशिवाय बाहेरचं सुटेल कसं?"

"तुला हे कुठून कळलं?" सासरेबुवांचा आ वासलेला होता.

"जावईबापू यायच्या आधी बॅटरी कोण धरत होतं? एकोणतीस वर्षं! तुम्हाला तुमचा नट तेवढा दिसतो. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं."

"मग दोन महिन्यांपूर्वी बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, उजेड इकडे दे."

जावईबापूंना हसू येऊ लागलं, तेवढ्यात सासूबाईंची नजर त्यांच्याकडे वळली. "आणि तुम्हालाही विचारलं होतं, सांगू का म्हणून." जावईबापूंचं हसू तिथल्या तिथे जिरलं. तांत्रिक!

सासूबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. त्यांनी जावयाच्या अंगावरचा ॲप्रन मागून घेतला. त्यांना तो इतका मोठा झाला की नाड्या दोनदा गुंडाळून पुढे गाठ मारावी लागली. मग त्यांनी पाना हातात घेतला आणि मागे न बघता म्हटलं, "उजेड!"

घरातली बॅटरी जावईबापूंनी उचलली. सासरेबुवांनी आपल्या पिशवीतली काढली. दोघं दोन बाजूंना उकिडवे बसले. नट सुटले, आतल्या तुकड्याबरोबर एक स्प्रिंग टुणकन उडाली, ती लेकीने पेपरांच्या गठ्ठ्यावर झेलली.

"अहो, नीट धरा!" सासूबाई सासऱ्यांवर करवादल्या. "माझ्या कानाला कशाला उजेड? आणि हाताची सावली पडतेय सगळी!"

सासरेबुवांची बॅटरी थरथरत होती. बिचाऱ्यांनी जन्मात कधी धरली नव्हती! त्यांनी ती उजवीकडे नेली, डावीकडे नेली, एकदा तर थेट सासूबाईंच्या डोळ्यांत मारली. जावईबापूंना बघवेना. त्यांनी सासऱ्यांचं मनगट अलगद धरलं.

"बाबा, कोपर गुडघ्यावर टेकवा. हां. आता आईंच्या डाव्या खांद्यावरून येऊ द्या उजेड. त्या वाकल्या की तुम्ही मागे व्हायचं. आणि श्वास हळू, म्हणजे हलत नाही."

सासरेबुवांनी मुकाट्याने कोपर टेकवलं. उजेड स्थिर झाला. सासूबाईंनी उरलेल्या खाचेत चावी दाबून बसवली, पान्यावर तळहात ठेवला आणि एक ठोसा दिला.

कट्!

अर्धा फेरा. फक्त अर्धा! पुढचं त्यांनी दोन बोटांनी फिरवून काढलं आणि फ्रीव्हील टेबलावर ठेवलं. पाच मिनिटं हात धुण्याची धरूनसुद्धा काम पंचवीस मिनिटांत झालं होतं.

"उजेड बरा देता तुम्ही," सासूबाई जावयाला म्हणाल्या.

"आणि मी?" सासरेबुवांनी आशेने विचारलं.

सासूबाईंनी पाना फडक्याने पुसला, खिळ्याला टांगला आणि विचार करून म्हणाल्या, "तुम्ही मटार बघा."

सासरेबुवा निमूटपणे जिन्याकडे निघाले. जावईबापूही बॅटरी विझवून त्यांच्या मागोमाग गेले, शेजारी बसले आणि एक शेंग त्यांच्या हातात देत हळूच म्हणाले, "सवय होते, बाबा. पहिली अकरा वर्षं जातात जरा जड."